विहंगावलोकन की सिंहावलोकन? – सह्याद्रीच्या पॅनोरमा छायाचित्रांबद्दल



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘डिजिटल कॅमेऱ्याने पॅनोरमा कसा काढावा’ असं सांगून मोकळे झालो होतो. पत्रिकेवरही तसंच छापून आलं. त्यामुळे समोर बरीच मंडळी वही-पेन घेऊन बसलेली दिसतायत. त्यांना निराश करणार नाही, कृती येईलच. पण आज आपल्याला मुख्यतः एका छायाचित्राची समीक्षा करायची आहे, आणि ते छायाचित्र आमचंच आहे. दुसऱ्याच्या चित्राला नावं ठेवायला फार अक्कल लागत नाही. आपल्याच चित्रात काय बिघडलं हे कळायला आम्हाला मात्र दोन वर्षं लागली, म्हणून हे व्याख्यान.

(पडद्यावर पहिलं छायाचित्र : हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

हा कोकणकडा. आपल्यापैकी निम्मे तरी लोक इथे पोटावर झोपून खाली डोकावलेले असणार. तोंड पश्चिमेला, खाली थेट कोकण, डावीकडे दूरवर नाणेघाट-जीवधनचा भाग, उजवीकडे आजोबाच्या बाजूचे डोंगर. ऑक्टोबरातली संध्याकाळ. हे चित्र आम्ही चौघांनी मिळून केलं. एका प्रदर्शनात ते दहा फूट लांबीचं छापून लावलं होतं आणि लोक त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी घेत होते. कौतुक खूप झालं. आता ते बाजूला ठेवू आणि आधी एक शब्द बघू.

पॅनोरमाला मराठीत आपण सहज ‘विहंगम दृश्य’ म्हणतो. विहंग म्हणजे पक्षी. पक्षी वरून उडत जातो, सगळं बघतो, पण थांबत नाही. आपल्याकडे दुसराही शब्द आहे, ‘सिंहावलोकन’. सिंह चालता चालता थांबतो आणि मान वळवून मागे बघतो. पाय एका जागी, मान फिरते. आता तुम्हीच सांगा, पॅनोरमा काढणारा माणूस यातला कोण? तो उडत तर नाहीच. तो एका जागी पाय रोवून उभा असतो आणि मान फिरवत असतो. म्हणजे कृतीने पॅनोरमा हे सिंहावलोकन आहे. पण आपण ते दाखवतो आणि मिरवतो विहंगावलोकन म्हणून. ‘बघा, सगळं आलं!’ आमच्या चित्राचं जे बिघडलं ते या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बिघडलं, असं आम्हाला वाटतं.

‘सगळं आलं’ हा दावा या प्रकाराच्या जन्मापासूनचा आहे. रॉबर्ट बार्कर नावाचा चित्रकार एडिंबरोमध्ये राहायचा. तिथल्या कॅल्टन हिलवरून शहर गोलाकार रंगवायची पद्धत त्याने काढली आणि १७८७ साली तिचं पेटंट घेतलं. ‘पॅनोरमा’ हा शब्द थोडा नंतरचा, १७९२च्या सुमाराचा. ग्रीकमधून जुळवलेला, अर्थ ‘सर्व दृश्य’. १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. तिकीट काढायचं, अंधाऱ्या बोळातून आत जायचं, जिना चढून मधल्या चौथऱ्यावर यायचं, आणि एकदम चारही बाजूंनी चित्र. वरची कड छताच्या झालरीने झाकलेली, खालची कड चौथऱ्याने. म्हणजे चित्र कुठे संपतं हे दिसू नये अशी पक्की व्यवस्था. सांधा लपवणं हे आजच्या सॉफ्टवेअरचं काम नाही, तो या कलेचा पहिल्या दिवसापासूनचा धंदा आहे.

आणि लंडनमध्ये या गोल पडद्यांवर काय दिसायचं? शहरं, बंदरं, आणि लढाया. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. पुढच्याच वर्षी, १८०० साली, रॉबर्ट केर पोर्टरने त्या हल्ल्याचा भलामोठा पॅनोरमा लंडनकरांना दाखवला. जिंकलेला मुलुख एका नजरेत मावला पाहिजे ही भूक त्यामागे होती.

आपल्याकडे याच्या दोन्ही बाजूंचं उदाहरण आहे, आणि ते एकाच शहराचं आहे. १८४६ साली मझहर अली खान या दिल्लीच्या चित्रकाराने लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजावरून चहूकडे दिसणारी दिल्ली रंगवली. जवळजवळ पाच मीटर लांब पट्टी आहे. आज ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. किल्ल्याच्या आतला भाग, बाहेरची वस्ती, मशिदी, सगळं सुटं सुटं, निगुतीने काढलेलं. त्यानंतर अकरा वर्षांनी १८५७ झालं. इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि किल्ल्याभोवतालची वस्ती मोठ्या प्रमाणावर पाडून मैदान केलं. १८५८ साली फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार आला आणि त्याने दिल्लीचे, लखनौचे पॅनोरमा काढले, एकेक काच पुढे सरकवत. मझहर अलीच्या पट्टीत राहतं शहर आहे, बिआतोच्या काचांवर हरलेलं शहर आहे. दोघेही उंचावर उभे राहून मान फिरवतायत. पद्धत एकच आहे. फरक आहे तो कशासाठी बघतोय आणि बघून झाल्यावर कोणाला दाखवतोय यात.

हे लंडन-दिल्लीचं झालं. आपल्या महाबळेश्वरला या. एकेकाळचं माल्कम पेठ. तिथे आपण काय बघतो? ‘पॉइंट’. विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, आर्थर सीट. पॉइंट म्हणजे बघण्यासाठी कोणीतरी ठरवून दिलेली जागा. कठडा आहे, पाटी आहे, मक्याच्या कणसाची गाडी आहे. तिथे उभं राहिलं की डोंगर आपोआप ‘दृश्य’ होतो. आपण सगळे या पॉइंटवर वाढलेली माणसं. कोकणकड्यावर कठडा नसला तरी आपल्या डोक्यात तो असतोच.

बरं, आता कृती. वही-पेनवाले, लिहून घ्या.

कॅमेरा उभा धरायचा, आडवा नाही. चित्र आडवं हवंय म्हणून फ्रेम आडवी घेतली तर उंची कमी पडते, वरचं आभाळ आणि खालची दरी कापली जाते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स उभी धरली तर आडव्या दिशेने साधारण २७ अंश दिसतात. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर ३० टक्के चढायला हवी, म्हणजे दर वेळी १९ अंश पुढे सरकायचं. १८० अंशांसाठी नऊ फ्रेम झाल्या. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर जुळणीनंतर २६ हजार पिक्सेल लांब आणि ६ हजार उंच असं चित्र मिळतं. पंधरा कोटींहून जास्त पिक्सेल. कडेची छाटणी करून थोडे कमी धरा.

एक्सपोजर मॅन्युअल. फोकस मॅन्युअल. व्हाइट बॅलन्स एका जागी बांधलेला. नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेमला स्वतःचं डोकं चालवतो आणि आभाळावर गोधडीसारखे चौकोन उमटतात. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ तो सर्वात गडद करतो. सूर्य समोर मावळत असेल तर चित्राची दोन्ही टोकं काळीनिळी आणि मधला भाग फिका. एका फ्रेममध्ये तो परिणाम छान दिसतो, नऊ फ्रेममध्ये आभाळ आजारी दिसतं.

तिसरी गोष्ट, फिरायचं कशाभोवती? आपण हातात कॅमेरा धरून स्वतःभोवती फिरतो, म्हणजे लेन्स छातीपुढे एका कमानीत फिरते. लांबच्या डोंगराला काही फरक पडत नाही. पण पायाशी दगड असेल किंवा जवळ कारवीचं झुडूप असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये त्या दगडामागचा डोंगर वेगळा दिसतो आणि सांधा तुटतो. म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा मागे सरकवायचा. जवळची एक काठी आणि लांबची एक काठी एका रेषेत धरा. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवताना त्या एकमेकींपासून हलल्या नाहीत की जागा सापडली. याला बोलीत नोडल पॉइंट म्हणतात. नाव शास्त्राला धरून नाही, पण चालतं.

पुढचं काम सॉफ्टवेअर करतं. २००३ साली मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो या दोघांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एक पद्धत मांडली. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ओळखीच्या खुणा शोधतं, खडकाची कड, झाडाचा बुंधा. शेजारच्या फोटोत त्याच खुणा शोधतं, चुकीच्या जोड्या टाकून देतं, आणि बाकीच्यांच्या आधाराने फोटो एकमेकांवर बसवतं. त्यांचं ऑटोस्टिच, फुकट मिळणारं हगिन, आणि आता जवळजवळ प्रत्येक फोटो-सॉफ्टवेअर या प्रकारचं काम करतं. निव्वळ आभाळ असलेल्या फ्रेम जुळत नाहीत त्या यामुळेच, आभाळात ओळखीची खूण नसते.

झाली कृती. ही सगळी आम्ही तंतोतंत पाळली होती. ट्रायपॉड, मॅन्युअल, नऊ फ्रेम. तरी चित्र बिघडलं. तीन ठिकाणी.

पहिलं आकाराचं. (पडद्यावर दुसरं छायाचित्र : इमारतीच्या गच्चीवरून काढलेला पॅनोरमा.) हा आमच्या एका मित्राच्या गच्चीचा कठडा. प्रत्यक्षात फुटपट्टीसारखा सरळ आहे. चित्रात बघा, मधे खाली गेलाय, दोन्ही टोकांना वर आलाय. वाटीसारखा. कारण सोपं आहे. मधला कठडा आपल्या अगदी जवळ, म्हणून खूप खाली दिसतो. टोकाचा लांब, म्हणून क्षितिजाकडे चढतो. आपण फिरत बघितलेलं सगळं एका नळकांड्यावर गुंडाळलंय आणि मग नळकांडं उलगडून सपाट केलंय. सरळ रेष त्यात वाकते. आता याच्या उलट विचार करा. जी गोष्ट खरोखरच आपल्याभोवती गोल फिरलीये, तिचं काय होईल? तिचा प्रत्येक भाग आपल्यापासून साधारण सारख्या अंतरावर, म्हणून चित्रात सारख्या उंचीवर. म्हणजे ती सरळ होईल.

आता कोकणकडा बघा. (पडद्यावर पुन्हा पहिलं छायाचित्र.) कोकणकड्याचं कोकणकडापण कशात आहे? त्याच्या वाटीत. तो आत वळलेला आहे, पोटात खोल गेलेला आहे. वारा खालून वर येतो, टाकलेली हलकी वस्तू उलटी येते, पावसाळ्यात नशीब असेल तर ढगांवर गोल इंद्रवज्र दिसतं. आपण त्या वाटीच्या काठावर बसलेले असतो. आणि आमच्या चित्रात काय आहे? एक लांबलचक भिंत. गच्चीच्या सरळ कठड्याची वाटी झाली आणि सह्याद्रीतल्या सर्वात प्रसिद्ध वाटीची भिंत झाली. दहा फूट लांब छापली, तरी भिंतच.

यावर कोणी म्हणेल, मग काय, नकाशातही पृथ्वी सपाट होतेच. बरोबर. पण नकाशा वाचणाऱ्याला ते माहीत असतं. छायाचित्र बघणाऱ्याला वाटतं की डोळ्यांनी असंच दिसतं. खरं तर या चित्राला न्याय द्यायचा तर ते बार्करसारखं वाकवून लावायला हवं. १८० अंशांचं तीन मीटरचं चित्र अर्धगोलात लावा आणि मधोमध उभे राहा, म्हणजे कागदापासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर. मग वाटी परत येते. आम्ही करून बघितलं, खरंच येते. पण आपण ते बघतो कुठे? फोनवर. पंधरा सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटरही उंच नाही अशी पट्टी. (हशा.) हसू नका, पंधरा कोटी पिक्सेलचं आपण करंगळीएवढं करतो आणि खाली लिहितो, ‘राकट देशा’!

दुसरं बिघडलं ते वेळेचं. छायाचित्र म्हणजे क्षण, असं आपण शाळेपासून ऐकतो. पॅनोरमा क्षण नाहीच. नऊ फ्रेम घ्यायला आम्हाला दीड-दोन मिनिटं लागली. सूर्य मावळताना तेवढ्यात उजेड उतरतो, धुकं सरकतं. एडवर्ड मायब्रिजने १८७८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवरून शहराचा प्रचंड पॅनोरमा काढला, तेरा काचांचा. त्यातल्या सावल्या नीट बघितल्या तर सगळ्या काचा एका वेळच्या नाहीत हे दिसतं. शहर एकसंध दिसतं, पण त्यात वेगवेगळ्या वेळा सांधलेल्या आहेत. पुढे १९०६च्या भूकंपात आणि आगीत ते शहर बरंचसं गेलं. मायब्रिजची चित्रं राहिली. त्या चित्रांत सांधे दिसतात, म्हणूनच ती आजही वाचता येतात. कुठली सावली कुठल्या वेळची ते शोधता येतं.

शाळेच्या जुन्या लांबलचक ग्रुप फोटोतली गंमत तुम्ही ऐकली असेल. कॅमेरा हळूहळू फिरतो, एका टोकाचा वांड मुलगा मागून पळत दुसऱ्या टोकाला जातो आणि फोटोत दोनदा येतो. आज फोनने पॅनोरमा काढताना मधून कुत्रं गेलं तर ते डब्यांच्या गाडीसारखं लांब होतं. आपण हसतो आणि फोटो खोडतो. पण तो मुलगा आणि ते कुत्रं खरं बोलत असतात, की बाबा, इथे वेळ गेलाय. सॉफ्टवेअर जितकं हुशार होतंय तितकी ही कबुली पुसली जातेय.

आता तिसरं. हे सांगायला थोडं जड जातं.

प्रदर्शन संपल्यावर आम्ही त्या चित्राची एक लहान प्रत, चारेक फुटांची, कड्याच्या पायथ्याच्या एका वाडीत घेऊन गेलो. नळीच्या वाटेने आम्हाला तीन-चार वेळा वर नेणारे एक मामा तिथे राहतात. भेट म्हणून नेली होती. त्यांनी ती ओटीवर उलगडली. घरातली सगळी जमली. कडा बघितला, ओळखला, खुश झाले. मग मामा बोटाने कड्याखालून शोधत निघाले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी म्हणाले, “सगळं आलंय हो दादा. आमची वाडी कुठंय?”

आम्ही म्हटलं, असेल, लहान दिसत असेल. नव्हती. जिथे वाडी असायला हवी तिथे पांढरं मऊ धुकं होतं. आम्हालाच ते चित्रातलं सगळ्यात सुंदर धुकं वाटायचं.

घरी येऊन मूळ फायली उघडल्या. (पडद्यावर दोन छायाचित्रं शेजारी शेजारी.) ही पाचवी फ्रेम. ही सहावी. मधे दहा-बारा सेकंद गेलेत. पाचवीत वाडी स्वच्छ आहे. कौलं आहेत, पत्रे आहेत, एका घरावर धूर आहे, खाचरं आहेत. सहावीत कोकणातून वर येणारं धुकं नेमकं तिच्यावर आलंय. दोन्ही फ्रेम तिथे एकमेकांवर चढतात. सॉफ्टवेअरला सांधा कुठून न्यायचा हे ठरवायचं होतं. धुक्यातून नेला की सांधा दिसत नाही, कारण धुक्याला कडा नसतात. घरांमधून नेला असता तर एखादं छप्पर तुटलं असतं. म्हणून त्याने धुकं ठेवलं आणि वाडी टाकली. त्याचा काही दोष नाही. त्याला सांगितलेलं काम त्याने चोख केलं : सांधा दिसता कामा नये.

दोष आमचा आहे, कारण नंतर आम्ही ते चित्र शंभर टक्के मोठं करून, पट्टी पट्टी तपासलं होतं. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढले. विजेच्या मनोऱ्यांची एक ओळ होती, तीही पुसली, हाताने. वाडी नाहीये हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. वीस वर्षं त्या वाडीत चहा पिऊन वर जाणाऱ्या चौघांच्या. मनोरे पुसताना आम्हाला वाटलं होतं की आपण डोंगर स्वच्छ करतोय. वाडीच्या बाबतीत पुसायचीही गरज पडली नाही.

आता म्हणाल, एका धुक्याचं एवढं काय? सांगतो. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगड आपल्या सगळ्यांचा लाडका, एका दिवसात होणारा. वाट वाडीतूनच जाते. दुसऱ्या दिवशी बातम्या बघताना आमच्यातल्या एकाने जुन्या हार्डडिस्क काढल्या. वाडी कशी होती, किती घरं होती, कुठल्या उतारावर होती, ते बघावं म्हणून. इर्शाळगडाचे आमच्याकडे पाच-सहा सहलींचे फोटो. सुळका आहे, नेढं आहे, नेढ्यातून दिसणारं आभाळ आहे, माथेरान-प्रबळचे पॅनोरमा आहेत. वाडीचा नीट म्हणावा असा एक फोटो नाही. एका पॅनोरमाच्या तळाला चार छपरं दिसतात, तीही छाटताना अर्धी गेलेली.

त्या फोटोने कोणी वाचलं नसतं. तसा दावा आम्ही करत नाही. पण आमच्या नजरेबद्दल त्याने आम्हाला पुरतं सांगितलं. ‘सगळं’ म्हणून आम्ही जे गोळा करत होतो त्यात काय धरलं जात नव्हतं, ते. माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही नावं आपल्याला कळली ती दरड आल्यावर. त्याआधी ती सगळी कुणाच्या तरी विहंगम दृश्याच्या तळाशी होती.

मग पॅनोरमा काढूच नये का? असं अजिबात नाही. हाच लांबट आकार वापरून वेगळं बघणारी माणसं आहेत. योसेफ सुदेक, प्रागचा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस. जुनाट कोडॅक पॅनोरम कॅमेरा घेऊन तो वर्षानुवर्षं प्राग फिरला. १९५९ साली त्याचं पुस्तक आलं, २८४ चित्रांचं. त्यात राजवाडे आणि पूल आहेत तसे गावाबाहेरचे चिखलरस्ते, भिंती, ओसाड माळही आहेत. शहर जिथे संपतं तिथेही तो तेवढाच वेळ थांबतो. दुसरा योसेफ कुडेल्का, तोही चेक. १९९४च्या ‘ब्लॅक ट्रँगल’मध्ये त्याने कोळशाच्या खाणींनी सोललेला डोंगरमुलुख लांबट फ्रेममध्ये दाखवला. पॅनोरमा म्हणजे भव्य आणि सुंदर ही आपली सवय तो आपल्याच अंगावर उलटवतो. भव्यता आहे, पण ती जखमेची.

तिसरा डेव्हिड हॉकनी. त्याचं ‘पेअरब्लॉसम हायवे’ हे एप्रिल १९८६चं काम शेकडो छोट्या प्रिंट चिकटवून केलंय. सांधे सगळे उघडे. प्रत्येक तुकड्यासाठी तो वेगळ्या जागी गेलाय, पाटीजवळ, रस्त्यावर, पडलेल्या डब्याजवळ. चित्र बघताना कळतं की हा माणूस इथे चालला, वाकला, परत आला. त्याने मान फिरवली आणि पायही हलवले. आम्हाला वाटतं, सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे जवळचं वाटायला हवं. डोंगर आपल्याला पॉइंटवरून कळलेला नाही, पायांनी कळलेला आहे. मग चित्र तेवढं पॉइंटवरचं का?

आम्ही आता काय करतो ते सांगून थांबतो. सांधल्यावर मूळ फ्रेम टाकून देत नाही. प्रत्येक सांध्यावर जाऊन दोन्ही फ्रेम बघतो आणि काय ठेवायचं ते आम्ही ठरवतो. हगिनमध्ये हा भाग ठेवच असं सांगता येतं, बाकी सॉफ्टवेअरमध्ये थर लावून हाताने करता येतं. मनोरे पुसत नाही. चित्राखाली तीन गोष्टी लिहितो : किती फ्रेम, किती वेळ, किती अंश. आणि वर चढण्याआधी खाली, वाडीतून वर बघणारा एक पॅनोरमा काढतो. तिथून कडा कसा दिसतो ते माहीत आहे का तुम्हाला? डोक्यावर येतो.

(पडद्यावर शेवटचं छायाचित्र : नऊ उभ्या फ्रेम शेजारी शेजारी, न सांधलेल्या.)

मामांच्या घरी आता हे आहे. नऊ सुट्या फ्रेम, मधे बोटभर जागा सोडून. जुनं चित्र आम्ही परत मागितलं, त्यांनी दिलं नाही. म्हणाले, “राहू दे, तेबी चांगलं हाय.” दोन्ही शेजारी लावलीत. पाहुणा आला की आधी मोठा कडा दाखवतात आणि मग पाचव्या फ्रेमवर बोट ठेवतात.



(श्रोत्यांचे काही प्रश्न.)

प्रश्न : आमच्याकडे फोनच आहे. त्यावर काढलेला पॅनोरमा कमी दर्जाचा मानायचा का?

उत्तर : नाही. फोन सलग पट्ट्या घेत जातो, म्हणून हळू आणि एका पातळीत फिरवा, शक्यतो फोनभोवती तुम्ही फिरा, तुमच्याभोवती फोन नको. दर्जा पिक्सेलचा नसतो. आज आम्ही ज्या चुका सांगितल्या त्या सगळ्या महागड्या कॅमेऱ्याने केलेल्या आहेत.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या नको वाटतात. त्या पुसल्या तर बिघडलं कुठे? चित्रकार नाही का हवं ते ठेवतो?

उत्तर : चित्रकाराने रंगवलेलं आपण चित्र म्हणून बघतो. तुमच्या पॅनोरमाखाली तुम्ही ‘चाळकेवाडी’ असं लिहिणार. मग उद्या कोणीतरी तिथे जाऊन विचारेल, पवनचक्क्या कधी आल्या? तुम्हाला नको वाटतात ना, मग तेच दाखवा. नको वाटणाऱ्या पवनचक्क्यांचा पॅनोरमा काढा. तो आम्हाला बघायला आवडेल.

प्रश्न : आणि ते मनोरे? तुम्ही चित्रात परत आणले का?

उत्तर : हो. ती वीज त्या वाडीत केव्हा आली हे मामांना महिन्यासकट आठवतं. आम्हाला तिची तेवढी अडचण व्हायची.